निरोपाची रीत

घराबाहेर पडताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा संस्कार आपणां मराठी माणसांवर इतक्या लहानपणी होतो की, त्यामागे काही अर्थ असेल अशी शंकादेखील पुढे मनाला शिवत नाही. नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडावा लागला तेव्हा माझ्या ध्यानात आले की, हा संस्कार काही आपल्या एकट्यांच्या मालकीचा नाही. येथे कोलकात्यात शेजारचे बंगाली गृहस्थ निघताना 'आशी' म्हणतात, म्हणजे 'येतो'. कचेरीतला तमिळ सहकारी घरच्यांशी फोनवर बोलणे आटोपताना 'पोयिट्टु वरेन' म्हणतो. म्हणजे 'जाऊन येतो'. भाषा तीन, पण रीत एक. आणि ही रीत एकतर्फी नाही. जाणाऱ्याने 'येतो' म्हणायचे, राहणाऱ्याने 'या' म्हणायचे, आणि मगच वहाणा पायांत सरकवायच्या. 'या' ऐकण्यापूर्वीच जो जिना उतरू लागतो तो उद्धट ठरतो. आणि 'या' ऐकूनही जो उंबरठ्यावर अर्धा तास रेंगाळतो त्याला काय म्हणतात, ते घरातल्या बायकांना विचारावे!

हीच रीत यंत्रांनाही पाळावी लागते, आणि ती मोडली म्हणजे माणसांना त्याचा त्रास होतो, हे मला गेल्या वर्षी कळले. ते कळण्याची किंमत मात्र मी दिली नाही. एका वृद्ध गृहस्थांनी दिली. म्हणूनच ही हकीकत लिहून ठेवावीशी वाटते.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. पदवी गणिताची; त्या पदवीचा नोकरीत उपयोग असा कधी झालाच नव्हता. परंतु 'याला यंत्राची भीती वाटत नाही' अशी माझ्याविषयी एक आख्यायिका सेक्शनमध्ये पसरली, आणि सरकारी कचेरीत आख्यायिकेचे कार्यालयीन आदेशात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांची माहिती ठेवणारा एक सर्व्हर आमच्याकडे आहे. दुय्यम कचेऱ्या त्याला तारेवरून प्रश्न विचारतात, तो उत्तरे देतो. या माहितीवर कुणाची वाकडी नजर पडू नये म्हणून सगळे संभाषण टी.एल.एस. नावाच्या सांकेतिक आवरणात गुंडाळलेले असते. या सर्व्हरवर 'लक्ष ठेवण्याचे' काम माझ्या गळ्यात पडले. लक्ष ठेवायचे म्हणजे काय करायचे, हे आदेशात लिहिलेले नव्हते.

प्रत्येक महिन्याची पंचवीस तारीख उलटली की, दुपारी तीनच्या सुमारास हा सर्व्हर मौनव्रत धारण करी. पडद्यावर तक्रार उमटे, तिचा अर्थ एवढाच की, 'उघड्या फायली फार झाल्या.' कारकुनाच्या टेबलाकडे पाहून ही तक्रार कुणी केली असती तर ती मी निमूटपणे मान्य केली असती. पण यंत्राच्या लेखी उघडे असलेले प्रत्येक कनेक्शन ही एक उघडी फाइलच असते, आणि लिनक्सवर एका प्रोग्रामला अशा फायली एका वेळी सामान्यतः १०२४ च उघडता येतात. उपाय सर्वांना ठाऊक होता : प्रोग्राम बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. देवघरात सांजवात लावावी तितक्या नित्यनेमाने हा विधी महिनाअखेर पार पडे, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नसे. दुखण्यावर उतारा मिळाला की दुखण्याचे कारण शोधायचे नाही, हा आपला जुना स्वभाव आहे.

एका शनिवारी कचेरी रिकामी असताना मी उघड्या कनेक्शनांची यादी काढून पाहिली. अशी यादी देणारी एक साधी आज्ञा असते. प्रत्येक कनेक्शनपुढे त्याची अवस्था लिहून येते. पाहतो तो शेकडो ओळींपुढे एकच शब्द : 'क्लोज-वेट'.

हा शब्द समजून घेण्यासाठी यंत्रांची निरोपाची रीत समजून घ्यावी लागते. दोन यंत्रांमधील संभाषण ज्या टी.सी.पी. नावाच्या नियमावलीने चालते, ती तिच्या रूढ स्वरूपात १९८१ साली लिहिली गेली. तिच्यात निरोपाचे चार टप्पे आहेत. पहिला म्हणतो, 'माझे बोलणे संपले.' दुसरा म्हणतो, 'ऐकले.' मग दुसऱ्याचे उरलेसुरले बोलणे झाले की तो म्हणतो, 'माझेही संपले'. आणि पहिला म्हणतो, 'ऐकले.' आपले शेवटचे 'ऐकले' वाटेत हरवले असेल तर ते पुन्हा सांगता यावे, म्हणून आधी निरोप घेणाऱ्याने त्यानंतरही काही काळ थांबायचे असते. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा आहे. गाडी सुटली तरी निरोप द्यायला आलेला माणूस जसा क्षणभर फलाटावर उभा राहतो, तसेच हे.

'क्लोज-वेट' म्हणजे या चार टप्प्यांतला दुसरा आणि तिसरा यांच्या मधली जागा. पलीकडच्याने निरोप घेतला आहे, आपल्या यंत्राने तो ऐकला आहे. पण आपल्या प्रोग्रामने 'माझेही संपले' असे काही म्हटलेले नाही. या अवस्थेला काळाची मर्यादा नाही. प्रोग्राम जिवंत आहे तोवर, त्याने स्वतः दार लावीपर्यंत, ते उघडेच राहते. बदलीच्या नोकरीत मुरलेल्या वाचकांना ही अवस्था निराळी समजावून सांगायला नको. बदलीचा हुकूम निघाला आहे, नव्या गावी वाट पाहत आहेत, सामान बांधून झाले आहे. पण 'रिलीव्ह' करण्याच्या कागदावर साहेबांची सही नाही. माणूस ना येथला, ना तेथला. खुर्ची मात्र अडलेली. आमच्या सर्व्हरमध्ये असे शेकडो प्रवासी सामान बांधून बसले होते, आणि नव्या माणसाला बसायला जागा उरली नव्हती.

असे का व्हावे, याचे उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले. आणि ते सापडले तेव्हा एका शून्यात सापडले. टी.सी.पी.चा हा निरोप आवरणाच्या बाहेरचा असतो. टी.एल.एस.च्या आवरणाच्या आत आणखी एक निरोप असतो. त्याला 'क्लोज नोटिफाय' म्हणतात. 'यापुढे मला काही सांगावयाचे नाही' असे हे सांकेतिक लिपीतले निवेदन. आमचा प्रोग्राम त्यासाठी ओपन-एस.एस.एल. या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयाचे साहाय्य घेई. त्यातील समारोपाची आज्ञा आपल्याला एक आकडा परत देते. एक म्हणजे दोन्ही बाजूंचे निरोप झाले. ऋण आकडा म्हणजे काही बिघडले. आणि शून्य म्हणजे : आपला निरोप पाठविला आहे, पलीकडचा अजून यावयाचा आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने असे धरून चालले होते की, एक नाही म्हणजे अपयश. शून्य दिसताच प्रोग्राम अपयशाच्या वाटेने बाहेर पडे. आणि त्या वाटेवर दार लावण्याची ओळ लिहायचीच राहून गेली होती. पलीकडचे यंत्र मागाहून रीतसर 'या' म्हणे, आपले दारही लावून घेई. पण ते ऐकायला आमच्याकडे कोणी थांबलेले नसे. शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे, 'अर्धे झाले' असाही त्याचा अर्थ असू शकतो, हे गणिताच्या पदवीधराने तीन आठवड्यांनी ओळखावे, यात अभिमान वाटण्याजोगे खरोखर काही नव्हते. मला मात्र तो वाटला.

मी सविस्तर टिपण लिहून कंत्राटदाराकडे पाठविले. चारच दिवसांत दुरुस्त प्रोग्राम आला. दुरुस्ती मोठी तडफदार होती. वाट पाहण्याची भानगडच नको; आपले काम झाले की तार तोडून मोकळे व्हायचे. आणि पलीकडच्याने न सांगता तार तोडली तरी कुरकुर करायची नाही, त्याचेही संपले असे समजायचे. हा नियम त्यांनी एका जागी न लावता सगळीकडे लावला : आम्ही उत्तरे देतो तेथे, आणि आम्ही दुसऱ्या कचेऱ्यांकडून याद्या मागवितो तेथेही. महिनाअखेर आली आणि गेली. सर्व्हर बोलत राहिला. सेक्शन ऑफिसरांनी सर्वांसमक्ष माझी पाठ थोपटली, मी सर्वांना शिंगाडे आणि चहा दिला. (येथे समोशाला शिंगाडा म्हणतात, हे नवख्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) रेंगाळणाऱ्या पाहुण्यांचा बंदोबस्त झाला होता. त्याच दुरुस्तीने उद्धट पाहुण्यांना मोकळीक दिली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

पुढे महिना-दीड महिन्याने ते वृद्ध गृहस्थ खिडकीपाशी आले. दप्तरी म्हणून निवृत्त झालेले. अंगात धुवट सदरा, हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. वाढीव निवृत्तिवेतनाच्या यादीत आपले नाव आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी यादी पाहिली. नाव नव्हते. तसे मी त्यांना सांगितले. ते 'आशी' म्हणून गेले. आठवड्याने पुन्हा आले. मी पुन्हा पाहिले, पुन्हा तेच सांगितले. या खेपेस थोड्या करड्या स्वरात. तिसऱ्या खेपेस त्यांनी नम्रपणे विचारले की, यादी पुरी आहे ना? मी म्हणालो, 'यादी पुरी आहे. तीत आपले नाव नाही.' हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने उच्चारले, त्याची आठवण झाली की अजून कानशिले तापतात.

ते गेल्यावर यादी पडद्यावर तशीच उघडी होती. माझी नजर सहज तिच्या तळाशी गेली. नावे आडनावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली; आणि शेवटचे आडनाव 'एम'चे. त्यापुढे काही नाही. बंगालमधली यादी, आणि तीत एकही राय नाही, एकही सरकार नाही, एकही सेन नाही! असे होणे शक्य तरी आहे काय? ज्या प्रदेशात इतकी वर्षे काढली, तेथल्या माणसांची आडनावे मला मागल्या महिन्यातच आठवायला हवी होती. त्या गृहस्थांचे आडनाव वर्णमालेच्या शेपटाकडचे होते.

यादी संपली नव्हती. यादी तुटली होती. दोहोंतला फरक सांगणारा पुरावा मात्र आम्हीच आमच्या हातांनी काढून टाकला होता.

झाले होते ते असे. पलीकडचा प्रोग्राम यादी पाठविता पाठविता मध्येच कोलमडला. प्रोग्राम मेला तरी त्याचे यंत्र जिवंत असते, आणि मेलेल्याच्या वतीने ते टी.सी.पी.चा निरोप रीतसर घेऊन टाकते. हा बाहेरचा निरोप आम्हांला मिळाला. आतला, म्हणजे 'क्लोज नोटिफाय', मिळाला नाही. कारण तो सांगणारा उरलाच नव्हता. पूर्वीचा प्रोग्राम यावर ओरडला असता. सुधारलेल्या प्रोग्रामने समंजसपणे मान डोलावली. यादीची प्रत्येक ओळ स्वतंत्र रवाना होत असल्यामुळे ती तुटली तीही नेमकी ओळीच्या शेवटी. अर्धे नाव कोठे लोंबत राहिले असते तर निदान संशय तरी आला असता.

मग मी या आतल्या निरोपाचा इतिहास वाचला. तो आधी वाचायला हवा होता. १९९५ साली नेटस्केपने एस.एस.एल.ची दुसरी आवृत्ती काढली, तिच्यात असा निरोपच नव्हता. संभाषण गुप्त होते, पण ते संपले केव्हा हे बाहेरच्या टी.सी.पी.च्या शब्दावरून ठरे. आणि तो शब्द आवरणाबाहेरचा असल्यामुळे मध्येच बसलेला कोणीही लबाड तो खोटा उच्चारू शके. पत्र उघडता येत नसले तरी फाडता येत होते, आणि उरलेला तुकडा पुरे पत्र म्हणून खपविता येत होता. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत समारोपाचे निवेदन आवरणाच्या आत आणले गेले, आणि १९९९ पासूनच्या टी.एल.एस.ने ते कायम ठेवले. तरीही ते न पाळणारे प्रोग्राम जगात पुष्कळ. २०२१ साली ओपन-एस.एस.एल.च्या तिसऱ्या आवृत्तीने ठरविले की, निवेदनावाचून तार तुटली तर ती चूकच मानायची. अनेकांचे प्रोग्राम त्यामुळे कुरकुरू लागले. म्हणून ही तक्रार गप्प करण्याची एक किल्लीही तिच्यातच ठेवलेली आहे. आमच्या कंत्राटदाराने तीच किल्ली फिरविली होती.

हे वाचताना मला राहून राहून आपल्या मोडी कागदांची आठवण होत होती. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या माथ्यावर त्यांची प्रसिद्ध मुद्रा असे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण पत्राच्या शेवटी आणखी एक लहानशी मुद्रा उठविलेली असे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'मर्यादेयं विराजते' अशी तिच्यावरची अक्षरे. येथे या लेखनाची मर्यादा झाली, एवढाच तिचा अर्थ. पेशवाईतील कागदांवर हेच काम 'लेखनसीमा' हा शिक्का करी. यालाच मोर्तब म्हणत. मोर्तबाखाली कोणी एक अक्षर वाढविले तर ते खोटे. आणि मोर्तब नसलेला कागद हाती आला तर तो अपुरा, असे समजायचे. माथ्यावरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगते. तळाची मुद्रा ते पुरे आहे हे सांगते. आपल्या आजोबांच्या पत्रांअखेरचे 'कळावे, लोभ असावा ही विनंती' हे त्याच मोर्तबाचे घरगुती रूप होते. तेवढी ओळ दिसली नाही तर आजी पत्राचे पान उलटून पाही, पाकिटात पुन्हा बोटे घालून पाही. आमच्या प्रोग्रामला तेवढेही सुचले नाही. मलाही सुचले नाही.

सोमवारी मी दुसरे टिपण लिहिले. पहिल्यापेक्षा ते लहान होते आणि त्यात अभिमान नव्हता. मुद्दे तीनच होते. पहिला : यशाची वाट असो की अपयशाची, प्रत्येक वाटेच्या शेवटी दार लावण्याची ओळ असलीच पाहिजे. दुसरा : जेथे आपण बोलणारे आहोत तेथे आपला निरोप सांगावा, पलीकडच्यासाठी पाच सेकंद थांबावे आणि मग दार लावावे, तेथे उत्तराची अनंत काळ वाट पाहण्याचे बंधन नियमानेही घातलेले नाही. पण जेथे आपण ऐकणारे आहोत, तेथे 'क्लोज नोटिफाय' ऐकल्यावाचून यादी पुरी झाली असे मानू नये. ती फेटाळून पुन्हा मागवावी. तिसरा : यादी पाठविणाऱ्याने शेवटच्या ओळीत एकंदर नावांची संख्या लिहावी. मोर्तब असले तरी नावे मोजून घ्यावीत. चार्ज रिपोर्टवर देणारा आणि घेणारा दोघांच्याही सह्या लागतात, त्या काही उगाच नाही.

टी.एल.एस.च्या २०१८ च्या आवृत्तीत या निरोपाचा नियमही बदलला आहे, आणि तो बदल मला फार आवडला. २००८ च्या आवृत्तीत असे होते की, पलीकडच्याने निरोप घेतला की आपणही लगेच घ्यायचा, आणि काही सांगायचे उरले असेल तर ते टाकून द्यायचे. नव्या नियमात निरोप घेणारा फक्त आपले बोलणे थांबवितो. ऐकणे थांबवीत नाही. दुसऱ्याचे सांगून होईपर्यंत त्याचा कान उघडा राहू शकतो. खिडकीच्या आत बसणाऱ्या आम्हां लोकांना हा नियम कोणत्या साली लागू होईल, ते सांगता येत नाही.

नवी यादी त्याच दिवशी दुपारी आली. तिच्या शेवटी संख्या होती. राय होते, सरकार होते, सेन होते. आणि ते गृहस्थही होते. तुटलेल्या शेपटात एकंदर बेचाळीस माणसे होती. बाकीची एकेचाळीस खिडकीवर आलीच नव्हती. का आली नाहीत, याचा विचार मी पुष्कळ केला. सरकारने 'नाही' म्हटले म्हणजे नाहीच, असे समजून ती घरी बसली असतील, याहून निराळे उत्तर मला सुचले नाही. सेक्शन ऑफिसरांच्या परवानगीने आम्ही त्या सर्वांना पत्रे धाडली.

त्या गृहस्थांना मात्र पत्र पोहोचण्यापूर्वीच ते चौथ्यांदा आले. मी बाहेर गेलो, त्यांना बाकावर बसविले आणि सांगितले की, आपले नाव आहे, पहिल्यापासून होते, यादी अपुरी होती आणि ती मी पुरी म्हणून वाचली. माझ्या मोडक्या बंगालीत 'चूक' हा शब्द दोनदा आला. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. काहीशी इच्छाही होती. ते एवढेच म्हणाले की, आयुष्यभर आपणही फायलीच बांधल्या. फायलीचे शेवटचे पान नाडीत नीट ओवले नसले तर आधी तेच गळून पडते.

मग त्यांनी पिशवी उचलली आणि 'आशी' म्हणाले. मी म्हणालो, 'आशुन.' बंगालीत 'या' असेच म्हणतात. ते जिना सावकाश उतरू लागले. त्यांचे पाऊल खालच्या पायरीवर पडल्याचा आवाज येईपर्यंत मी वर उभा होतो.